"इतका चांगला आहे, तर विकता कशाला?" : जुन्या मालाचा बाजार आणि न दिसणारी माहिती

बोरीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचे गाव पारोळा तालुक्यात आहे. वडील मागच्या वर्षी गेले. मी नोकरीनिमित्त नाशिकला असतो आणि शेत आता बटाईने दिले आहे, त्यामुळे वडिलांचा २०१४ सालचा ट्रॅक्टर खळ्यात नुसता उभा आहे. तो विकायचे ठरवले.

वडिलांना टापटिपीची सवय होती. ट्रॅक्टरच्या सीटखाली एक दोनशे पानी वही असे आणि तिच्यात प्रत्येक कामाची नोंद असे. एक नोंद जशीच्या तशी देतो : "डिझेल फिल्टर बदलला. तास २३१२. खाली पाणी निघाले. त्या पंपावर पुन्हा भरू नये." आमच्या ट्रॅक्टरने वाळू वाहिली नाही, भाड्याने कोणाचे काम केले नाही आणि दुसऱ्या ड्रायव्हरचा हात त्याला लागला नाही. गावातल्या मिस्त्रीच्या मते त्याचे साडेतीन लाख सहज यायला हवेत.

आतापर्यंत पाच गिऱ्हाइके येऊन गेली आणि सगळ्यांनी सव्वादोन ते अडीच लाखांच्या मध्ये भाव सांगितला. वही कोणी उघडूनही पाहिली नाही. शेवटी आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "इतलं चांगलं शे ते इकी कसाले ऱ्हायनात, भाऊ?" वडील गेल्याचे मी सांगितले. त्यांनी मान हलवली, पण भाव वाढवला नाही.

फसवणाऱ्यामुळे घेणारा बुडतो, हे आपण नेहमी ऐकतो. येथे मी कोणाला फसवत नाही, तरीही लाखभर रुपयांचा फटका मलाच बसतो आहे. हे असे का होते आणि चांगला माल चांगला आहे हे परक्या माणसाला पटवून देण्याचा काही मार्ग आहे का, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे.

सातपुडा_पायथा

भाऊ, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले. वहीबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. तशी वही कोणीही दोन रात्री बसून तयार करू शकतो. गिऱ्हाइकाला तुमच्या वडिलांचे अक्षर ओळखता येत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी खऱ्या वहीची आणि खोट्या वहीची किंमत एकच आहे.

अर्थवाचक

बोरीकाठ यांनी जो अनुभव लिहिला आहे, त्यावर अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध निबंध आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने तो १९७० साली प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे याच विषयावरील कामासाठी २००१ साली ॲकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ या तिघांना मिळून अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकी बोलीत खोडीच्या निघालेल्या गाडीला 'लिंबू' म्हणतात, म्हणून तो निबंध 'लिंबांचा बाजार' या नावाने ओळखला जातो.

आपल्या भागातील आकडे घालून त्याचा युक्तिवाद मांडतो. समजा, एका बाजारात दहा जुने ट्रॅक्टर आहेत, त्यांतले पाच चांगले आणि पाच खराब आहेत. चांगल्याचा मालक साडेतीन लाखांच्या खाली देणार नाही, आणि ट्रॅक्टर चांगला असल्याची खात्री असेल तर घेणारा चार लाख मोजायला तयार आहे. खराब ट्रॅक्टर दीड लाखालाही निघेल आणि घेणारा त्याचे दोन लाख देईल. आता घेणाऱ्याला कोणता ट्रॅक्टर कोणता हे कळत नाही, म्हणून तो मधला भाव धरतो, म्हणजे तीन लाख. तीन लाख ऐकल्यावर चांगल्याचा मालक ट्रॅक्टर घरी घेऊन जातो. बाजारात खराबच उरतात, ही गोष्ट घेणाऱ्यांच्याही लक्षात येते आणि भाव दोन लाखांवर उतरतो.

येथे कोणीही एक शब्द खोटा बोललेला नाही. चांगल्या ट्रॅक्टरचा व्यवहार झाला असता तर दोघांचाही फायदा होता, कारण एकाला साडेतीन लाख पुरत होते आणि दुसरा चार द्यायला तयार होता. तो व्यवहारच होत नाही. बोरीकाठ यांना विचारलेला अहिराणी प्रश्न म्हणजे या सगळ्या निबंधाचे सार आहे, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ॲकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. त्यामुळे त्या निबंधात मोटारींच्या जोडीने आपल्याकडच्या सावकारीचे व्याजदर येतात, आणि बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे गृहिणीला कसे निवडत बसावे लागतात, हेही येते.

भुसावळ_जंक्शन

अर्थवाचक यांची मांडणी सुंदर आहे, पण ती जशीच्या तशी खरी असती तर खान्देशात एकही चांगली जुनी वस्तू विकली गेली नसती. प्रत्यक्षात तसे नाही. १९८२ साली एरिक बाँड यांनी अमेरिकेतील पिकअप ट्रकांवर हाच सिद्धांत तपासला. जुने विकत घेतलेले ट्रक आणि पहिल्याच मालकाकडे राहिलेले तेवढ्याच वयाचे ट्रक यांच्या मोठ्या दुरुस्त्यांची तुलना केली, तेव्हा विकत घेतलेले ट्रक अधिक खराब असल्याचे त्यांना आढळले नाही.

याचे कारण तुमच्याच आकड्यांत आहे. बाजारात निम्म्याऐवजी चारांत तीन ट्रॅक्टर चांगले असते, तर मधला भाव बरोबर साडेतीन लाख आला असता आणि चांगल्याचा मालक विकायला तयार झाला असता. म्हणजे प्रश्न चांगल्या मालाच्या प्रमाणाचा आहे. ज्यांना परिस्थितीमुळे विकावेच लागते, अशी माणसे बाजारात पुष्कळ असली की ते प्रमाण वाढते. मुलीचे लग्न, दवाखाना, सोसायटीचे कर्ज, बदली, वाटणी, अशा कारणांनी निघालेल्या मालात खराब माल वेचून आलेला नसतो. "विकता कशाला?" या प्रश्नाकडे संशय म्हणून पाहू नका. मालाविषयी काहीच कळत नसताना घेणारा निदान कारण तरी तपासून पाहत असतो.

अर्थवाचक

प्रमाणाचा मुद्दा मान्य आहे आणि तो मी आधीच लिहायला हवा होता. बाँड यांच्या तपासणीचा मी असा अर्थ लावतो, की घेणारे आणि विकणारे हातावर हात ठेवून बसत नाहीत, ते माहितीची दरी बुजवण्याचे उपाय शोधतात. आपल्याकडे हे उपाय कोणते आहेत, हेच या धाग्यावर गोळा व्हावे.

दावण

उपाय आमच्या आजोबांच्या काळापासून आहेत. सावद्याच्या गुरांच्या बाजारात मी लहानपणापासून जातो. बैलाचे वय मालकाला विचारायचे नसते, ते जबडा उघडून बघायचे असते. दुधाचे दात असतील तर आदत, मग दुसा, चौसा, सहादाती आणि सगळे दात आले की जुळलेला. येथे विकणाऱ्याला खोटे बोलायला जागाच नाही, म्हणून वयावरून कधी भांडण होत नाही.

भांडण होते ते दातांत न दिसणाऱ्या गोष्टींवरून. बैल मारका आहे का, नांगराला जुंपल्यावर मध्येच बसतो का, उजव्या बाजूचा आहे की डाव्या, हे उभ्या बैलाकडे पाहून कळत नाही. शिंगे तासून रंगवलेली असतात आणि मीठ चारून पाणी पाजल्यामुळे पोट भरलेले दिसते. म्हणून जाणता शेतकरी बैल जुंपून पाहिल्याशिवाय विसार देत नाही. ओळखीच्या माणसांत आठ दिवसांच्या बोलीवर बैल देण्याची पद्धत होती. आठ दिवस औत हाकायचे, खोड निघाली तर बैल परत. वडील सांगत, जो आठ दिवसांची बोली मान्य करत नाही, त्याच्या बैलाची खोड शोधायची गरज नाही.

एक शंका मात्र माझ्या मनात नेहमी राहिली आहे. हेडे, म्हणजे गुरांचे व्यापारी, उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. शेजारी उभ्या शेतकऱ्याला काय भाव फुटला हे कळत नाही. मालाची माहिती लपते तशी भावाचीही लपते आणि माझ्या मते त्यात शेतकऱ्याचे नुकसान आहे.

सातपुडा_पायथा

दावण भाऊ, उपरण्याच्या बाबतीत मी असहमत आहे. गरजेपोटी बैल विकणाऱ्याला आपण किती खाली उतरलो हे चारचौघांत कळू द्यायचे नसते. ते उपरणे त्याचीही अब्रू राखते.

धारोष्ण

मी फैजपूरजवळची आहे. आमच्याकडे दुधाचा जोडधंदा आहे आणि म्हशींची खरेदी गेली बारा वर्षे मीच करते. दावणदादांच्या यादीत म्हैस राहिली म्हणून लिहिते.

म्हशीची किंमत लिटरवर ठरते आणि नेमके लिटर डोळ्यांना दिसत नाहीत. बाजाराच्या दिवशी आदली धार न काढता आणलेल्या म्हशीची कास तट्ट फुगलेली असते. पहिली म्हैस मी अशीच कास पाहून घेतली. विकणाऱ्याने दहा लिटर सांगितले होते आणि पहिल्या दिवशी तिने दहा लिटर दिलेही. दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ मिळून सहाच्या वर गेली नाही.

त्यानंतर मी माझा नियम केला. विकणाऱ्याच्या गोठ्यात जायचे आणि ओळीने तीन धारा समोर काढून पाहायच्या. पहिली धार मोजायचीच नाही, कारण ती तुंबवलेली असू शकते. दुसरी आणि तिसरी मिळून दिवसाचे खरे दूध कळते. यासाठी एक रात्र परक्या गावात काढावी लागते, म्हणून पुष्कळजण ते टाळतात. माहिती काढायलाही खर्च येतो आणि तो करणारे कमी असल्यामुळे लपवणाऱ्याचे निभावते. आणखी एक निरीक्षण असे, की "खुशाल राहा, तिन्ही धारा बघा" असे स्वतः म्हणणाऱ्या घरची म्हैस आजवर वाईट निघाली नाही. अशा घरी मी दोन-चार हजार जास्त मोजले आहेत आणि त्याचा मला पस्तावा झालेला नाही.

काळा_कोट_धुळे

कायद्याची बाजू मांडतो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये कपट म्हणजे काय हे सांगितले आहे आणि मौन हे कपट केव्हा ठरते, याची उदाहरणे दिली आहेत. योगायोगाने पहिले उदाहरण जुन्या मालाचेच, म्हणजे घोड्याचे आहे.

'अ' लिलावात 'ब'ला एक घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे 'अ'ला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. दुसऱ्या उदाहरणात 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. येथे नाते असे आहे, की दोष सांगणे 'अ'चे कर्तव्य ठरते. तिसरे उदाहरण सर्वांनी पाठ करावे असे आहे. 'ब' म्हणतो, "तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन." 'अ' गप्प राहतो. येथे 'अ'चे मौन बोलण्यासारखेच धरले जाते.

म्हणून माझा अशिलांना सल्ला असतो, की "गाडी कशी आहे?" असे मोघम विचारू नका. "इंजिन उघडलेले नाही, अपघात झालेला नाही आणि मीटर बदललेला नाही, असे धरून मी पैसे देतो आहे," असे वाक्य संदेशात लिहून पाठवा. विकणारा खोटे उत्तर देईल किंवा गप्प राहील, दोन्ही गोष्टी पुढे उपयोगी पडतात. मात्र कलम १९ चा अपवाद लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या कपटी मौनामुळे संमती दिली असली, तरी साधारण काळजी घेतली असती तर सत्य कळले असते, अशी स्थिती असेल तर करार रद्द करता येत नाही. जबडा उघडून न पाहणाऱ्याला कायदा वाचवत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यातील कलम १६ चा सूरही हाच आहे : काही अपवाद सोडले तर मालाच्या दर्जाची हमी आपोआप धरली जात नाही.

दावण

वकीलसाहेब, दुसरे उदाहरण वाचून थांबलो. आमच्याकडे भावकीत गुरे विकताना खोड सांगूनच विकतात. त्यामागे इतका जुना कायदा आहे हे माहीत नव्हते.

शहाद्याचा

घोड्याचा विषय निघाला आहे आणि आमच्या तालुक्यातील सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते, म्हणून लिहितो. तापीकाठच्या या बाजारात अनेक राज्यांतून घोडे येतात आणि एखाद्या जनावराचा भाव काही लाखांत जातो. बाहेरून आलेला विकणारा पुन्हा भेटेलच असे नाही, म्हणजे अर्थवाचक सांगतात ती परिस्थिती येथे पूर्णपणे आहे.

मी पाहिलेली गोष्ट अशी, की नवखा घेणारा अंगावरचे भोवरे मोजतो. देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, आहे का, अशुभ भोवरा कोठे आहे, यावर तासभर चर्चा करतो. जाणता घेणारा भोवरे पाहतो, पण आधी घोडा थंड असताना कडक जमिनीवर हळू चालवायला लावतो आणि खुरांचा आवाज ऐकतो. चारही पायांचा ठोका सारखा पडतो का, हे तो डोळे मिटूनही सांगतो. थोडी पळापळ झाली, अंग गरम झाले किंवा वेदनाशामक दिलेले असले, की बारीक लंगडेपण लपून जाते. भोवरा कोणालाही दिसतो, म्हणून त्याची चर्चा होते. पायातला दोष शोधावा लागतो.

पाना_बारा_तेरा

शहाद्याच्या भाऊंनी "थंड असताना" हा शब्द वापरला, त्यासाठी त्यांचे आभार. ट्रॅक्टरलाही तोच नियम आहे. मी चोपडा भागात ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकांसोबत जुने ट्रॅक्टर पाहायला जातो. आपण पोहोचण्याआधीच ट्रॅक्टर सुरू करून ठेवलेला असेल, तर मी बॉनेटवर हात ठेवतो आणि गरम लागला तर उद्या सकाळी येतो म्हणून सांगतो. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उचलते का आणि पहिला धूर कोणत्या रंगाचा निघतो, यावरून अर्धे निदान होते. निळसर धूर राहिला तर ऑइल जळते आहे.

नंतर ब्रीदरकडे, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीकडे पाहावे. तेथून भकाभक वाफ येत असेल तर रिंगा आणि लायनर गेले आहेत. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी जाते आहे. लिफ्टला रोटाव्हेटर लावून वर उचलावा, इंजिन बंद करावे आणि घड्याळ लावून दहा मिनिटे उभे राहावे. रोटाव्हेटर खाली बसू लागला तर हायड्रोलिकचे काम निघेल. तासांच्या मीटरवर मी विश्वास ठेवत नाही. क्लचच्या पेडलवरचे रबर किती झिजले आहे ते पाहतो. मीटरवर दोन हजार तास आणि पेडलचा लोखंडी भाग चकचकीत, असे असेल तर मीटर खोटा आहे. झिजलेल्या टायरवर नव्याने खाचा कोरून तो नवा भासवतात, त्यासाठी खाचेच्या तळाशी बोट फिरवावे.

बोरीकाठ भाऊ, तुमच्या वहीबद्दल एक सुचवतो. वडिलांनी फिल्टर आणि ऑइल जेथून घेतले त्या दुकानांच्या पावत्या असतील तर शोधा. वही घरी लिहिता येते, पण दहा वर्षांच्या तारखांची, वेगवेगळ्या दुकानांची, विटलेल्या शाईची पावती एका रात्रीत तयार होत नाही.

दुचाकी_एकोणीस

जळगावहून लिहितो. जुनी मोटारसायकल घेताना मी फसलो होतो. विक्रेत्याचे नाव घेत नाही. मीटरवर १८ हजार किलोमीटर होते आणि पुढे एका मेकॅनिकने सांगितले, की गाडी साठ हजारांच्या पुढे गेलेली आहे. तेव्हापासून काही गोष्टी पाळतो. नोंदणी क्रमांकावरून परिवहनच्या ॲपवर किती मालक झाले, विमा कधीपर्यंत आहे आणि बोजा आहे का हे पाहतो. कारसाठी आणखी एक युक्ती उपयोगी पडते. विम्याच्या कागदावर 'नो क्लेम बोनस' किती टक्के आहे ते वाचावे. पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन ओळीने पाच वर्षे दावा केला नाही तर तो ५० टक्क्यांवर जातो. मालक "टाचणीही लागली नाही" म्हणत असेल आणि बोनस शून्य असेल, तर मागच्या वर्षी कशाचा दावा केला हे विचारावे. तो बोनस मालकाचा असतो, गाडीसोबत आपल्याकडे येत नाही, पण माहिती देऊन जातो.

जुना मोबाईल घेणाऱ्यांनी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढावा आणि संचार साथी संकेतस्थळावर तो चोरीचा म्हणून बंद केलेला नाही ना, हे तपासावे. दोन मिनिटांचे काम आहे.

सागवानी

आतापर्यंत सगळ्यांनी विकणाऱ्याला जास्त माहिती असते असे धरले आहे. उलटेही होते आणि त्याबद्दल मला तळमळीने लिहायचे आहे.

एरंडोल भागातील आमचा वाडा सोळा वर्षांपूर्वी उतरवला. आत्या एकटी तेथे राहत होती. जुने लाकूड घेणारा एक माणूस आला आणि "वाळवी लागलेले आहे, जळणाच्या भावाने घेतो" म्हणाला. दिंडी दरवाजा, चार नक्षीचे खांब, तुळया आणि पितळी कड्या, सगळे मिळून त्याने जे पैसे दिले, त्यात आज एक साधा दरवाजा येणार नाही. पितळी घंगाळ आणि समया किलोवर गेल्या. आजीचे जरीचे लुगडे नेताना त्याने काठाचे दोन धागे ओढून काडीने जाळून पाहिले आणि काही न बोलता पिशवीत टाकले. तो काय पाहतो आहे हे आत्याला कळले नाही. लुगड्याची जर चांदीची होती.

बैल विकणारा शेतकरी आपला बैल ओळखतो. आत्याला आपल्या दाराची किंमत माहीत नव्हती, कारण ती आयुष्यात एकदाच विकत होती आणि समोरचा रोज घेत होता. वकीलसाहेबांच्या उदाहरणांत घेणारा गप्प राहिला तर काय, हे आहे का?

काळा_कोट_धुळे

सागवानीताई, चौथे उदाहरण जवळ जाणारे आहे. 'अ' आणि 'ब' दोघेही व्यापारी आहेत. 'अ'ला भावातील बदलाची खासगी खबर आहे आणि ती कळली तर 'ब' व्यवहार करणार नाही. कायदा म्हणतो, ती सांगण्याचे बंधन 'अ'वर नाही. म्हणजे नुसत्या मौनासाठी दाद मिळणे कठीण आहे. मात्र चांगल्या लाकडाला जाणूनबुजून "वाळवी लागली" म्हणणे हे मौन नव्हे, ते खोटे विधान आहे आणि कलम १७ मध्ये बसते. दुर्दैवाने सोळा वर्षांनंतर मुदत उरलेली नाही.

मोड_आणि_घट

ताईंचे वाचून फार वाईट वाटले. सोन्याबाबत मात्र आपल्या जळगावात परिस्थिती बदललेली आहे, तेवढे सांगते.

माझ्या लग्नातल्या पाटल्या मोडायला नेल्या तेव्हा तीन दुकानांत तीन वेगळ्या घटी, म्हणजे मोडताना वजा होणारी वजने, सांगितल्या होत्या. ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडेच मोडावे, असे सासूबाई म्हणत, कारण दुसरा सोनार पहिल्याचा शिक्का मानत नसे. सोने तेच, पण त्याची शुद्धता सिद्ध करण्याची ताकद आपल्या हातात नव्हती. २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकला की दागिना कोठे तपासला गेला आणि शुद्धता किती, हे दिसते. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, हे आता शाळकरी मुलगीही वाचू शकते. हॉलमार्क खड्यांचे वजन किंवा घडणावळ सांगत नाही, तेथे अजून डोळे उघडे ठेवावे लागतात.

ट्रॅक्टरला कोणी असा तटस्थ शिक्का देत नाही. तो मिळाला तर बोरीकाठ भाऊंचा प्रश्न सुटेल, असे मला वाटते.

जुनी_गाडी_नवा_मालक

मी धुळ्यात जुन्या गाड्यांचा व्यवसाय करतो. या धाग्यावर विक्रेत्यांविषयी कटुता आहे आणि ती अकारण नाही. दोन गोष्टी सांगण्याची परवानगी असावी.

एक, आमचा नफा केवळ फरकाचा नसतो. गावात पंधरा वर्षे एकाच ठिकाणी बसलेला माणूस वाईट गाडी चांगली म्हणून देतो, तेव्हा एका गिऱ्हाइकासोबत त्याचे सगळे गाव जाते. ॲकरलॉफ यांनी सांगितलेला हमी आणि नावलौकिकाचा उपाय आम्ही रोज जगतो. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत विक्रेत्याचे प्रमाणपत्र आणि आमच्या ताब्यात आलेल्या प्रत्येक गाडीची परिवहन कार्यालयाला सूचना, असा नियमही आला आहे.

दोन, विकणाऱ्यालाही घेणाऱ्याविषयी काही माहिती नसते. तो गाडी नावावर करून घेईल की नाही, हे कळत नाही. गाडी एकापाठोपाठ अनेक हातांतून गेलेली असूनही नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितले आहे. बोरीकाठ भाऊंनी भावासोबत याचाही विचार करावा.

बोरीकाठ (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. ट्रॅक्टर गेला. काय केले ते क्रमाने सांगतो.

आधी आईच्या पेटीतून पावत्या निघाल्या, एकूण त्रेसष्ट. त्या वहीतल्या तारखांना जोडून लावल्या. २३१२ तासांच्या नोंदीची पावतीही सापडली. मग तोच वृद्ध शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून मी त्यांना निरोप पाठवला, की तुमचा मिस्त्री घेऊन सकाळी सहाला या, ट्रॅक्टरला कोणी हात लावलेला नसेल. ते आले. पाना_बारा_तेरा यांनी लिहिलेली प्रत्येक तपासणी त्यांच्या मिस्त्रीने केली. रोटाव्हेटर दहा मिनिटांत बोटभर खाली आला, ती गोष्ट मला स्वतःला माहीत नव्हती. त्याचे आठ हजार मी भावातून कमी केले.

तरीही ते तीन लाखांच्या वर जाईनात. तेव्हा दावण भाऊंची आठ दिवसांची बोली आणि धारोष्णताईंच्या तीन धारा आठवल्या. मी म्हणालो, "तीन लाख चाळीस हजार ठरवू. त्यातले पन्नास हजार आता देऊ नका. कपाशीची नांगरणी आणि पेरणी करा. इंजिन, गिअर किंवा क्लचचे काम निघाले तर त्या पन्नासातून करा आणि उरलेले मला द्या." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, की पैसे मागे ठेवायला तयार असलेला विकणारा त्यांना पहिल्यांदाच भेटला.

तीन लाख चाळीसमधून लिफ्टचे आठ हजार वजा होऊन तीन लाख बत्तीसला व्यवहार झाला. मिस्त्रीने सांगितलेल्या साडेतीनपेक्षा हे कमीच आहे.

अर्थवाचक

पन्नास हजार मागे ठेवणे खराब ट्रॅक्टरच्या मालकाला परवडले नसते, म्हणून तुमच्या शब्दाला वजन आले. वही आणि ही अट यांच्यातला फरक नेमका तेवढाच आहे. मी आता विद्यार्थ्यांना हेच उदाहरण सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

सागवानी

भाऊ, लिफ्टचा दोष समोर आला तेव्हा तो तुम्ही स्वतःहून किमतीतून कमी केला, त्याबद्दल तुमचे अभिनंदन करावेसे वाटते.

काळा_कोट_धुळे

पन्नास हजारांची अट लेखी केली आहे ना? कोणत्या शब्दांत? आणि हस्तांतरणाचा नमुना २९ दिला का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो.

बोरीकाठ (धागाकर्ता)

होय. स्टॅम्पपेपरवर पुढीलप्रमाणे लिहिले : "इंजिन उघडलेले नाही, तासांचा मीटर बदललेला नाही आणि लिफ्टची गळती घेणाऱ्यास दाखवलेली आहे, असे विकणारा सांगतो. घेणाऱ्याने स्वतःच्या मिस्त्रीकडून पाहून घेतले आहे. रुपये पन्नास हजार पेरणीनंतर, इंजिन, गिअर व क्लचच्या दुरुस्तीचा खर्च पावतीसह वजा करून, पोळ्यापूर्वी द्यावयाचे आहेत." खाली दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. नमुना २९ आणि ३० वर त्याच दिवशी सह्या घेतल्या. वारसनोंद होऊन ट्रॅक्टर आधीच माझ्या नावावर आलेला होता, त्यामुळे अडचण आली नाही. परिवहन कार्यालयाची पोच नवव्या दिवशी मिळाली आहे.